पळीबाईंचा जड रस्सा

चार मार्चला मी तेवीस हजार सातशे चाळीसच्या व्हाउचरवर सही केली. तपशील असा: जेवणघरासाठी फलक दोन, फलकांना खालून जोडायच्या टोपल्या दोन, प्लास्टिकची टोकन चार हजार, निम्मी हिरवी आणि निम्मी लाल, भिंतीवर लावायची चित्रे सहा, आणि वाहतूक. खर्चाचे शीर्षक होते 'हवामानस्नेही आहार: प्रोत्साहन'. या शीर्षकाखाली आमच्या कारखान्यात तोवर एक पैसाही खर्च झालेला नव्हता, त्यामुळे मला नवे खाते उघडावे लागले.

कारखाना वजनकाट्यांचा. दुकानातल्या छोट्या काट्यापासून वर ट्रक उभा राहील अशा काट्यापर्यंत सगळे इथे बनते. माणसे दोनशे साठ. मी लेखाविभागात चौतीस वर्षे आहे आणि जेवणघर समितीचा चिटणीसही आहे, कारण समितीच्या पहिल्या बैठकीला वेळेवर पोहोचलेला मी एकटाच होतो.

मुख्य कार्यालयाचे पत्र फेब्रुवारीत आले होते. मटणाच्या रश्शाचा हवेवर पडणारा भार हा घेवड्याच्या, वाटाण्याच्या किंवा मसुराच्या रश्शापेक्षा कितीतरी जास्त असतो, हे त्यात नीट समजावून सांगितले होते. जनावराला चारा लागतो, चाऱ्याला जमीन लागते, जमिनीसाठी जंगल जाते, आणि जनावर रवंथ करताना जो वायू सोडते तो हवा तापवतो. मला हे पटले. आजही पटते. तेव्हा माणसांनी मटण कमी आणि कडधान्ये जास्त खावीत, पण सक्ती करू नये, फक्त प्रोत्साहन द्यावे, असे धोरण होते. एका पातेल्यावर 'वातावरणावर तुलनेने कमी भार टाकणारे अन्न' असा फलक लावायचा आणि दुसऱ्यावर 'वातावरणावर तुलनेने अधिक भार टाकणारे अन्न' असा. जेवणाऱ्याने फलकाखालच्या टोपलीतले टोकन उचलायचे, कमी भाराचे हिरवे आणि अधिक भाराचे लाल, आणि जाताना दारातल्या पेटीत टाकायचे. रोज टोकन मोजायची आणि महिनाअखेर बेरीज करायची.

फलक करणारा अक्षरामागे दर लावत होता. मी दोन्ही मजकूर वाचले आणि त्यांच्या जागी दोन शब्द लिहिले: 'हलके' आणि 'जड'. अठराशे वाचले. भार कमी म्हणजे हलके आणि भार जास्त म्हणजे जड. वाणिज्य शाखेच्या माणसाला याच्या पुढे जाऊन विचार करण्याचे कारण दिसले नाही. मुख्य कार्यालयातून या कामासाठी नेमलेल्या तरुण सल्लागार बाईंनीही लगेच होकार कळवला. छान सुटसुटीत आहे, म्हणाल्या.

आता पळीबाईंबद्दल सांगतो, कारण हे सगळे त्यांच्याबद्दलच आहे.

जेवणघर म्हणजे पत्र्याच्या छपराचा लांब हॉल. अकरा टेबले, बाके, हात धुवायला सहा नळ, त्यांपैकी चार चालू. एका टोकाला स्वयंपाकघराची खिडकी आणि खिडकीपुढे कट्टा. कट्ट्यावर रोज दोन मोठी पातेली, एक मटणाचे आणि एक कडधान्याचे, शिवाय भात आणि पाव. कट्ट्यामागे पळीबाई. उंची बेताची, म्हणून त्या लाकडी खोक्यावर उभ्या राहत. कारखान्यात आल्या तेव्हा भांडी घासायला आल्या होत्या. ही हकीगत घडली तेव्हा शिजवणे, वाढणे आणि कोठी अशा तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या.

वाढताना त्या माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, ताटाकडे बघत. साहेब असो की हमाल, पळी एकच. एकदा तपासणी विभागातल्या पोरांना शंका आली की ओळखीच्यांना जास्त मिळते. त्यांनी चोरून वीस ताटे प्रमाणित काट्यावर ठेवली. सर्वांत मोठा फरक चार ग्रॅम निघाला. तपासणीचा मुकादम म्हणाला की आपल्या निम्म्या काट्यांना हे जमत नाही. तेव्हापासून नाव पडले पळीबाई. ही चाचणी बाईंच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की मग काय, कमी-जास्त वाढायचं होतं का?

त्यांची सेवा त्या मार्चमध्ये तेवीस वर्षे आणि आठ महिने झाली होती. आमच्या नियमात पंचवीस पूर्ण झाली तर निवृत्तिवेतन मिळते. चोवीस वर्षे अकरा महिने झाली तर आभार मिळतात. आणि मुख्य कार्यालयाच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात असे होते की ऑगस्टअखेर कमी भाराच्या ताटांचे प्रमाण साठ टक्क्यांवर गेले नाही, तर स्वयंपाकघर बंद करून मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून बंद डबे मागवावेत. ते स्वयंपाकगृह चाळीस किलोमीटरवर होते. डबे प्लास्टिकचे, आणि डिझेलच्या ट्रकने यायचे. याचा भार कशात धरायचा, ते पत्रात नव्हते.

स्वयंपाकघर बंद झाले तर पळीबाईंना पंचवीस वर्षे पुरी करायला जागाच नव्हती. त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि साठ टक्के म्हणजे किती ताटं, तेवढंच विचारले. दीडशे आणि वर सहा, मी म्हणालो.

"आत्ता किती जातात?"

"ऐंशी."

त्यांनी मान डोलावली आणि घेवडा भिजत घालायला गेल्या.

फलक लागले. पहिल्याच दिवशी सल्लागार बाईंनी आवारात भाषण केले. भाषण चांगले होते. पृथ्वी, बर्फ, समुद्र, सगळे आले. कामगारांनी त्यांचे नाव हवामान मॅडम ठेवले, आणि भाषण संपल्यावर कुणी प्रश्न विचारेल का म्हटल्यावर पॅकिंगमधल्या एकाने विचारले की शनिवारी पाऊस आहे का, भावाच्या घराचं छप्पर काढायचं आहे. मॅडम म्हणाल्या की हवामान आणि हवामानबदल या वेगळ्या गोष्टी आहेत. तो म्हणाला, म्हणजे सांगता येत नाही.

खरी अडचण मात्र माझ्या दोन शब्दांची होती. आमच्या कारखान्यात जो काटा असलेल्या वजनापेक्षा कमी दाखवतो त्याला हलका म्हणतात. तपासणीत असा काटा सापडला की त्याच्या मानेला सुतळीने चिठ्ठी बांधतात, चिठ्ठीवर लिहितात 'हलका', आणि तो परत पाठवतात. हे काम करणारी चाळीस माणसे दुपारी हात धुऊन जेवायला आली तर समोर वाफाळते पातेले आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'हलके'. मुकादम माझ्या टेबलाशी आला. "सकाळपासून हलकं परत पाठवायचं आणि दुपारी तेच खायचं? काय हो साहेब, आम्ही काय भंगार आहोत का?" मी त्याला भाराचे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि लाल टोकनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

उरलेल्यांनाही हा शब्द धड वाटला नाही. एरवीही आपण हलका म्हणतो ते कशाला? हलक्या प्रतीचा माल, हलक्या कानाचा माणूस, हलके काम. आणि जड? पारडे जड, खिसा जड. ताटाचे पैसे तेवढेच पडणार असतील तर हलके कोण घेईल?

खुशीने घेतले ते फक्त गोदामवाल्या काकांनी. काकांचे पोट वीस वर्षे बिघडलेले. डॉक्टरांनी हलके खा म्हणून सांगितलेले. फलक पाहून त्यांना इतका आनंद झाला की तीन दिवस लागोपाठ त्यांनी घेवड्याचा रस्सा दोन-दोन पळ्या खाल्ला. चौथ्या दिवशी दुपारी तीनला ते गोदामातून थेट माझ्याकडे आले, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "तुमचं हलकं मला बसू देत नाही," म्हणाले. त्यांनी लेखी तक्रार दिली. ती समितीच्या फाइलीत आहे.

मार्चमध्ये फलकांच्या आधी हलके एकतीस टक्के जात होते. एप्रिलअखेर बावीस झाले. मेअखेर एकोणीस. प्रोत्साहन सुरू होते.

मेच्या शेवटी पळीबाई माझ्या खोलीत आल्या. त्या कधी यायच्या नाहीत. कोठीची बिले पाठवून द्यायच्या. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारले की हलकं म्हणजे काय हलकं? मी चारा, जमीन, जंगल, वायू, सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे आभाळाला हलकं."

"हो."

"पोटाला नाही."

"पोटाचा संबंध नाही."

"जेवणघरात पाटी लावलीय साहेब. पोटाचा संबंध कसा नाही?" त्या म्हणाल्या. "घेवडा हलका म्हणून वाढते हे माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला पुन्हा शाळेत घातलं असतं."

मग त्या थोडे बोलल्या. लहानपणी घरात अकरा वर्षे रोज घेवडाच होता, कारण दुसरे काही परवडत नव्हते. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे. पहिल्या पगाराला त्यांनी मटण आणले होते आणि मनाशी ठरवले होते की आता घेवडा पुरे. आता मुलगी कॉलेजात जाते, तिने मटण सोडले आहे, आणि जेवताना आईला ऐकवते की आई, तू रोज अडीचशे माणसांकडून जंगल जाळवतेस. नवरा घड्याळे दुरुस्त करतो, तो मधे पडत नाही. डोळ्याला भिंग लावून खाली बघत मूग गिळून बसतो. "पोरगी म्हणते ते खरं असेल," बाई म्हणाल्या. "पण खरं आहे म्हणून कुणी जेवतं का?"

मी म्हणालो की फलक बदलायला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल आणि मंजुरीला तीन महिने लागतील. त्यांनी बोटांवर मोजले. तीन महिन्यांनी ऑगस्ट संपत होता.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी पळीबाईंनी फलकांची अदलाबदल केली. टोपल्या फलकांनाच जोडलेल्या होत्या, त्यामुळे टोकनही बदलली. 'जड' हा फलक आणि लाल टोकन कडधान्याच्या पातेल्यावर गेले. 'हलके' आणि हिरवी टोकन मटणावर. त्याच दिवशी त्यांनी पातेल्यांच्या जागाही बदलल्या: कडधान्य रांगेच्या तोंडाशी, मटण टोकाला. आणि आदल्या संध्याकाळी मुलीला घेऊन थांबून त्यांनी घेवडा जसा आजवर कारखान्यात कधी शिजला नव्हता तसा शिजवला होता. कांदा तपकिरी होईपर्यंत परतला, लसूण ठेचून घातला, मंद आचेवर दोन तास. आजवर कडधान्याचे पातेले हे मटण न खाणाऱ्यांची सोय म्हणून केले जायचे आणि चवीलाही तसेच लागायचे. हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितले, हातचे काही न राखता.

रांगेत पहिला होता लोडिंगमधला पैलवान. वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून पैलवान. त्याने ताट पुढे केले. त्या दिवशी पळीबाईंनी प्रथमच ताटाऐवजी तोंडाकडे पाहिले.

"तुला नको हे. जड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जड. पाटी वाच. दुपारी ट्रक भरायचाय ना तुला? तिकडे पुढे हलकं आहे, ते घे."

मागून कुणीतरी म्हणाले की पैलवानाला दुधाची बाटली द्या. पैलवानाने ताट मागे घेतले नाही. "वाढा," तो म्हणाला. "दोन पळ्या वाढा."

"मग झोपलास तर मला बोलू नकोस."

तो झोपला नाही, आणि त्या दिवशी लोडिंगच्या बाकावर हे सगळ्यांना कळेल असे त्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी लोडिंगचे बावीसच्या बावीस जण कडधान्याच्या पातेल्यापाशी थांबले. तपासणीवाले त्यांच्या मागे. तपासणीतही 'जड' अशी चिठ्ठी असते: असलेल्या वजनापेक्षा जास्त दाखवणारा काटा. तोही दोषच, पण असा काटा परत करायला आजवर एकही दुकानदार आलेला नाही. मुकादमाने पातेल्यात वाकून बघितले आणि हे ठीक आहे, म्हणाला. गोदामवाले काका 'हलके' बघून मटणाकडे गेले. त्यांच्या पोटाचे काय झाले ते मला माहीत नाही; नवी तक्रार आली नाही.

हे सगळे माझ्या नाकासमोर घडत होते असे म्हणता येत नाही, कारण मी घरून डबा आणतो. जेवणघर समितीचा चिटणीस जेवणघरात जेवत नाही, हे आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही. हवामान मॅडमही महिन्यातून एकदा यायच्या, आवारात बोलायच्या, आणि गाडीत बसून स्वतःच्या डब्यातली फळे खायच्या. आकडे त्यांना संगणकावर दिसत. आम्ही दोघे टोकन मोजून घेत होतो. पातेल्यात काय आहे ते फक्त जेवणाऱ्यांना माहीत होते, आणि त्यांना कुणी विचारले नव्हते.

जुलैचा तक्ता आला: हलके सत्तावीस टक्के, जड त्र्याहत्तर. मॅडमनी मला फोन केला. आवाज पडलेला होता. त्या म्हणाल्या की मी इतकं मनापासून सांगते आणि ही माणसं जाणूनबुजून जड उचलतात; मला हे समजत नाही. मी त्यांना धीर दिला. एवढा आकडा पाहून पळीबाईंना काय सांगायचे, याचा विचार मी दोन दिवस करत होतो.

तिसऱ्या दिवशी मटणवाला आला. गेली सोळा वर्षे आम्ही त्याच्याकडून घेतो. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्याने खाली बघत विचारले की साहेब, दुसरीकडून सुरू केलंत का? मी नाही म्हणालो. "मग माझं काही चुकलं असेल तर सांगा," तो म्हणाला. "मार्चात चारशे वीस किलो होतं. जुलैत एकशे साठ."

मी कोठीची बिले काढली. मटण एकशे साठ बरोबर होते. घेवडा, मसूर आणि वाटाणा मिळून मार्चमध्ये एकशे पाच किलो, जुलैत दोनशे चाळीस. टोकन एक सांगत होती आणि बिले बरोबर उलटे. चौतीस वर्षांत मला असे कधी दिसले नव्हते की दोन्ही खरे आहेत. मी डबा टेबलावर ठेवून जेवणघरात गेलो.

पळीबाई कट्टा पुसत होत्या. मी फलकांकडे बघितले, पातेल्यांकडे बघितले.

"बाई, हे उलटं आहे."

"लोक खातायत की नाही?"

"खातायत. पण कागदावर तुम्ही नापास आहात. त्र्याहत्तर टक्के जड."

"मग कागद उलटा धरा."

मी म्हणालो की मोजलेला आकडा मला बदलता येत नाही. फलक पुन्हा सरळ लावा, ऑगस्ट अजून बाकी आहे. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी फलक सरळ लावले, आणि मी स्वतः तिथे उभा राहिलो. रस्सा तोच, कांदा तोच, हात तोच. पैलवान आला, पाटी वाचली, आणि बाईंकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्यांनी त्याला आजवर फसवले होते. लोडिंगवाले त्याच्या मागून पुढे सरकले. अडीच वाजता कडधान्याचे पातेले निम्मे भरलेले होते. पळीबाईंनी ते माझ्यापुढे आणून ठेवले. मी म्हणालो, उद्यापासून तुमचं तुम्ही बघा. लेखी काहीच दिले नाही.

म्हणजे आता असे होते. फलक सरळ लावले तर माणसे मटण खाणार आणि आकडा खरा, पण कमी येणार. उलटे लावले तर माणसे कडधान्य खाणार आणि आकडा खोटा, आणि तोही कमीच येणार. दोन्हीकडून स्वयंपाकघर बंद. तिसरा मार्ग होता तो सांगून टाकण्याचा. पण कंपनीच्या फलकाशी छेडछाड हा नियमपुस्तकात निलंबनाचा गुन्हा आहे, आणि निलंबन एका दिवसाचे असले तरी सेवा खंडित धरतात. तेवीस-चोवीस वर्षे शून्यावर येतात. हे मी पळीबाईंना स्पष्ट सांगितले. बिले माझ्याकडे आहेत, असेही सांगितले. त्यांनी विचारले की बैठक किती वाजता.

बैठक सव्वीस सप्टेंबरला, सकाळी अकराला. व्यवस्थापक, हवामान मॅडम, मी, आणि मुख्य कार्यालयाचे साहेब भिंतीवरच्या पडद्यावर. पळीबाईंना निर्णय कळवण्यासाठी बोलावले होते, म्हणून त्या दाराशी उभ्या होत्या. साहेबांनी आकडे वाचले. ऑगस्टअखेर हलके एकवीस. प्रयत्न सर्वांनी केले, पण माणसांची मानसिकता, वगैरे. एक नोव्हेंबरपासून डबे. काही म्हणायचे आहे का, असे त्यांनी विचारले ते आम्हाला. पळीबाई दारातून म्हणाल्या:

"साहेब, पाट्या मी उलट्या लावल्यात. जूनपासून."

साहेब म्हणाले, आवाज तुटतोय. व्यवस्थापकांनी वाक्य पुन्हा सांगितले. आवाज तुटत नव्हता.

"म्हणजे हिरवं टोकन कशाचं?"

"मटणाचं."

"तुम्हाला लेखी सूचना होती ना?"

"होती. वाचली म्हणून तर उलटी लावली."

मी फाइल पुढे केली. मटण मार्चमध्ये चारशे वीस किलो, ऑगस्टमध्ये एकशे तीस. कडधान्य एकशे पाच, दोनशे साठ. ताटांच्या हिशेबाने कमी भाराचे जेवण एकोणऐंशी टक्के. साठ हवे होते. व्यवस्थापकांनी बिले उलटसुलट पाहिली. पडद्यावरचे साहेब म्हणाले की तक्त्यात किलोचा रकाना नाही.

मॅडम मात्र खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. सहा महिन्यांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा उजळलेला पाहिला. "तुम्ही त्यांना सांगितलंत तरी काय?" त्यांनी विचारले.

"जड आहे म्हणाले."

"हवेबद्दल काहीच नाही?"

"हवेबद्दल तुम्ही सांगत होतात की, मॅडम. तेव्हा एकोणीस होते."

मॅडम यावर रागावल्या नाहीत, हे मला नोंदवले पाहिजे. त्यांनी वही काढली आणि कांदा किती वेळ परतता, ते विचारून घेतले.

निर्णयाला पंचवीस मिनिटे लागली. लक्ष्य साध्य झाले आहे असे धरावे, कारण वार्षिक अहवालात ते साध्य झालेले बरे दिसते. स्वयंपाकघर चालू राहील. निलंबन केले तर लक्ष्य कसे साध्य झाले ते लिहावे लागेल, म्हणून निलंबन नको. सेवा अखंड धरावी. पण चूक ती चूक. दंड सातशे. निम्मा छेडछाड करणारीकडून, निम्मा देखरेख न करणाऱ्या चिटणिसाकडून. फलक सरळ लावावेत की उलटे ठेवावेत, यावर निर्णय पुढील बैठकीत.

पुढील बैठक अजून झालेली नाही, त्यामुळे फलक उलटेच आहेत. डिसेंबरात अहवालासाठी छायाचित्रकार आला तेव्हा दहा मिनिटे सरळ लावले होते. अहवालात छायाचित्र आहे आणि खाली ओळ आहे की सोप्या शब्दांतील फलकांमुळे कर्मचाऱ्यांच्या आहारात लक्षणीय बदल झाला. पळीबाईंचा त्यात उल्लेख नाही. छायाचित्राच्या कडेला त्यांचे कोपर आले आहे.

पुढच्या वर्षी जुलैत त्यांची पंचवीस वर्षे पूर्ण झाली. निवृत्तिवेतनाचा कागद मी तयार केला आणि त्यांनी सही करण्याआधी तो वाचला, दोनदा. मी विचारले की आता घरी काय शिजतं? मुलीसाठी कडधान्य, म्हणाल्या, आणि रविवारी मला आणि यांना थोडं मटण. पूर्वी आठवड्यातून तीनदा व्हायचं. मुलीला वाटते ते तिच्या सांगण्यामुळे कमी झाले. बाईंनी तिला तसे वाटू दिले आहे.

पळीबाईंनी आपल्या दंडाचे साडेतीनशे बैठक संपल्यावर तासाभरात आणून भरले. पावती फाइलीत आहे. माझ्या वाट्याचे साडेतीनशे भरायचे राहिले आहेत.